ठोका मारणारा झिंगा

"याची भाजी कशी लागते?" हा प्रश्न मला आजवर इतक्या लोकांनी विचारला आहे, की बैठकीत पाहुणा आला की मी आधी त्याच्या तोंडाकडे बघते. नजर काचेच्या पेटीकडे वळली आणि ओठ हलले, की समजायचं, आता हा मला मसाला सांगणार. भंडाऱ्याच्या माणसाला तलावातला मासा माहीत, वैनगंगेतला माहीत, बोडीतला, म्हणजे गावतळ्यातला, झिंगा तर तोंडपाठ. पाण्यात जे जे हलतं ते शेवटी रश्शात उतरायचं, यावर इथे सगळ्यांचं एकमत आहे. मी स्वतः लाखांदूरकडची. धानाच्या बांध्यांत हात घालून खेकडे धरलेली आणि चवीने खाल्लेली. खाण्याला माझी ना नाही. पण माझ्या घरात बसून, माझा चहा पिऊन, मी जिवापाड जपलेल्या प्राण्याला फोडणी घालायची भाषा केली की माझ्या डोक्यात तिडीक जाते.

दुसऱ्या प्रकारचे पाहुणे त्याहून वाईट. त्यांना तो सिनेमातला नारिंगी मासा हवा असतो. तो नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा पडतो, जसं काही मी तिकीट घेऊन खेळ दाखवला नाही. "मग एवढं मोठं टाकं कायले ठेवलं?" असं आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या बहिणीने, तोंडावर विचारलं होतं. वर ते ईशान्येला सरकव म्हणाल्या. भरलेली पेटी हलवायला चार पैलवान लागतील, हे त्यांना कोण सांगणार.

मला रंगीत मासे आवडत नाहीत असं नाही. पण ते सुंदर आहेत हे कोणालाही दिसतं, त्यात मी काय वेगळं बघणार? मला आवडतात ते समुद्रातले विचित्र, लपून राहणारे, कोणी कौतुक न केलेले जीव. लग्नानंतर एकदा कोकणात गेलो होतो. सगळे वाळूत फोटो काढत होते आणि मी ओहोटीच्या खडकांतल्या एका डबक्याजवळ बसले ती उठेचना. बोडीच्या काठावर लहानपण गेलेल्या बाईला ते डबकं ओळखीचं वाटलं, आणि आतला एकही जीव ओळखीचा नव्हता. तिथूनच हे खूळ लागलं.

माझ्या पेटीत एक ठिसूळ तारा होता, तारामाशाच्या गोतातला. पाच लांब सापासारखे हात, मधे बटणाएवढं अंग. दिवसभर दगडाखाली दडून बसायचा, आणि खाणं पाण्यात पडलं की एकेक हात बाहेर काढून चाचपत यायचा. एक नळीत राहणारा किडा होता. त्याला किडा म्हणायची लाज वाटावी असा पिसांचा पंखा तो नळीच्या तोंडाशी उघडून बसायचा, आणि नुसती सावली पडली तरी क्षणात आत ओढून घ्यायचा. आत्याबाईंनी त्याला प्लास्टिकचं फूल समजून काचेवर टिचकी मारली होती. फूल गायब झाल्यावर त्या जी किंचाळल्या, तेवढं एक समाधान मला त्यांच्या भेटीने दिलं. शंख पाठीवर घेऊन फिरणारा एक खेकडा होता. अंग वाढलं की तो नवा शंख शोधायचा, आत डोकावायचा, मोजमाप घ्यायचा, मग पटकन उडी मारून घर बदलायचा. दगड चाटत फिरणाऱ्या गोगलगायी होत्या.

आणि या सगळ्यांत वरचढ होता पिस्तूल झिंगा. बोटाएवढा जीव. त्याची एक नांगी दुसरीपेक्षा भलतीच मोठी, आणि ती तो अशी मिटायचा की पाण्यात 'टक्' असा आवाज व्हायचा. काचेबाहेर, पंखा चालू असताना, स्वच्छ ऐकू यायचा. या झिंग्याला जवळजवळ दिसत नाही. तो वाळूत बीळ खणतो, दिवसभर वाळू उपसतो, आणि त्याच बिळाच्या तोंडाशी एक छोटा पट्ट्यापट्ट्यांचा मासा पहारा देतो. झिंगा बाहेर आला की आपली एक मिशी त्या माशाच्या अंगाला लावून ठेवतो. धोका दिसला की मासा शेपटी थरथरवतो आणि दोघे आत. खणायचं काम एकाचं, बघायचं काम दुसऱ्याचं. मी नवऱ्याला हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "बरं आहे." त्यांचं सगळ्यालाच बरं असतं.

माझ्या सासऱ्यांना मात्र हा झिंगा पहिल्या दिवसापासून आवडला. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. आमचं भांड्यांचं दुकान आहे, तांबं-पितळ; त्यासाठीच भंडारा नावाजलेला. खाली दुकान, वर घर. मामाजी तरुणपणी स्वतः गुंड, म्हणजे पाण्याची मोठी भांडी, ठोकायचे. पत्र्याला आकार देताना घण कुठे, किती जोराने पडला, हे त्यांना नुसत्या आवाजावरून कळतं. काचबिंदूने त्यांचे डोळे गेल्या काही वर्षांत पार अधू झाले. आता त्यांना उजेड, सावली आणि अगदी जवळ धरलेली पांढरी वस्तू एवढंच दिसतं. दुकानात बसणं सुटलं, पेपर सुटला. माणूस तापट, त्यात रिकामा, त्यामुळे घरात दिवसभर आमची खडाजंगी. पण संध्याकाळी ते काचेला कान लावून बसायचे आणि 'टक्' झालं की म्हणायचे, "बराबर ठोका मारते पोट्टा." मग मी शेजारी बसून आत काय चाललंय ते सांगायची. आज खडा उचलला, आज मासा लांब गेला म्हणून झिंगा दारातच थांबला. त्या घटकेला आम्ही भांडत नव्हतो. या घरात मला आणि त्यांना जोडणारी तेवढी एकच जागा होती.

हे सांभाळायला काय लागतं हे कोणी विचारू नये. भंडाऱ्यात समुद्र नाही, म्हणून समुद्र घरात कालवावा लागतो. फिल्टरचं पाणी, त्यात पुडक्यातलं मीठ, मग मापून बघायचं. उन्हाळ्यात पाणी हा हा म्हणता उडतं, मीठ तेवढंच राहतं, म्हणून रोज वरून गोडं पाणी घालायचं. वीज गेली की इन्व्हर्टरवर आधी पेटी, मग आम्ही. यावरून मला वेडी म्हणून झालं आहे. म्हणोत.

या फेब्रुवारीत भाचीच्या लग्नाला मी लाखांदूरला गेले. जाताना नवऱ्याला दोनच गोष्टी सांगितल्या. चिमूटभर खाणं, आणि उडालं तेवढं फिल्टरचं पाणी. बाकी कशालाही हात लावायचा नाही. त्यांनी मान डोलावली.

लग्न आटोपून एसटीने परत आले आणि चप्पल काढायच्या आधी पेटीकडे बघितलं. गोगलगायी वाळूत उताण्या पडल्या होत्या. नळीतल्या किड्याचा पंखा गळून तळाशी पडला होता. ठिसूळ तारा कधी नव्हे तो भर उजेडात उघड्यावर आला होता आणि त्याच्या हातांचे तुकडे पडत होते. शंखातला खेकडा शंख सोडून नागडा बाहेर पडला होता. पट्ट्यापट्ट्यांचा मासा मात्र ठणठणीत होता. मासा ठीक आणि बाकीचे मरतायत, याचा अर्थ मला माहीत होता, पण तो अर्थ या घरात खरा असू शकतो हे मन मानेना. मी मागच्या खणात, जिथे पाणी गाळलं जातं, तिथे हात घातला. हाताला लागली तांब्याची लोटी. मिठाच्या पाण्याने तिचा तळ लख्ख झाला होता आणि काठ हिरवा पडला होता. लोटीवर माझ्या दिवंगत सासूबाईंचं नाव कोरलेलं होतं.

तांबं हे अशा जिवांना विष आहे. माशाला थोडं सोसतं. झिंगा, खेकडा, गोगलगाय, तारा यांना अगदी कणभरही सोसत नाही. ही पेटी आणली तेव्हाच मी घरात सगळ्यांना सांगितलं होतं, निदान मला तसं वाटत होतं. तांब्या-पितळेच्या दुकानाच्या वर बसून मी एवढी वर्षं या पेटीत तांब्याचा शिंतोडा जाऊ दिला नव्हता. दुकानातून वर आलं की साबणाने हात धुतल्याशिवाय मी झाकण उघडत नसे.

"लोटी कोणी टाकली?" मी विचारलं.

"मी टाकली," मामाजी खुर्चीतून म्हणाले. "काहून?"

"काहून म्हणता? सगळे मरून राहिले."

"तो आधीच मरून राहिला होता, सूनबाई. ठोका बंद झाला होता त्याचा. दोन दिवस कान लावून बसलो, आवाज नाही. मंग काचेशी डोळा नेला, तं पांढरा पडलेला दिसला, बिळाच्या तोंडाशी. हालेना. म्हटलं, पाणी बाधलं याले. तांब्याचं पाणी भेटलं तं उठंल."

ती कात होती. झिंगा वाढतो तेव्हा अंगावरचं जुनं कवच जसंच्या तसं सोडून बाहेर येतो. ते कवच पांढरं, मिशांसकट, हुबेहूब झिंग्यासारखं दिसतं, आणि तो ते बिळाबाहेर ढकलून देतो. नवी नांगी कडक होईपर्यंत काही दिवस तो ठोका मारत नाही, दडून बसतो. तो मेला नव्हता, आजारी नव्हता. तो वाढला होता. मी हे मामाजींना ओरडून सांगितलं, इतक्या मोठ्याने की खाली दुकानातलं गिऱ्हाईक वर बघायला लागलं.

"मले काय माहीत कात टाकते म्हणून?" मामाजींचा आवाजही चढला. "आणि तांब्यानं कोणी मरते काय? या गावानं साऱ्या मुलखाले तांब्याचं पाणी पाजलं. विहिरीत तांबं टाकते, नदीत टाकते लोक. माणूस आजारी पडला तं आधी तांब्याचं पाणी."

"माणसाले देते. याले विष आहे ते."

"विष म्हणू नको."

"विषच आहे. तुम्ही विष टाकलं यात."

मला त्या क्षणी सगळ्या गावाचा राग आला. दुसऱ्या गावच्या माणसाने फार तर हळद टाकली असती, औषधाची गोळी टाकली असती, नाहीतर काहीच न करता मला फोन केला असता. पण भंडाऱ्याच्या माणसाला काळजी वाटली की तो तांबं काढतो. नेमकं तेच. जगात टाकण्यासारख्या इतक्या वस्तू असताना नेमकी तीच, आणि तीही घरातली सगळ्यात मायेची. माझ्याशी कोणी मुद्दाम वैर साधलं असतं तरी इतकं चोख जमलं नसतं. आणि ज्याच्यावर संतापायचं, त्याने ते प्रेमाने केलेलं. असा संताप कुठे टाकायचा? तो आतल्या आत उकळत राहतो आणि मग पोळी करपते, दार आपटतं.

नवरा दुकानातून वर आले. त्यांनी पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "जाऊ दे ना. झिंगाच तं होता."

मी त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाही. अजूनही त्या वाक्याची आठवण झाली की माझी बोलायची इच्छा जाते.

झिंगा बिळात होता की नव्हता, जिवंत होता की नव्हता, हे कळायला मार्ग नव्हता. मी पाणी काढलं, नवं कालवून घातलं, परत काढलं. नवरा न बोलता कॅन उचलत होते. तेवढं त्यांचं मान्य करते. नागपूरहून तांबं शोषणारी भुकटी मागवली. शंखातला खेकडा त्याच संध्याकाळी गेला. तारा दुसऱ्या दिवशी तुकड्यातुकड्यांनी उचलून टाकावा लागला. उरला तो पट्ट्यापट्ट्यांचा मासा. तो बिळाच्या तोंडाशी पहाऱ्याला तसाच तरंगत होता, अंग दाराला लावून, शेपटी आतल्या बाजूला. बीळ उपसणारं कोणी नव्हतं, त्यामुळे वाळू रोज थोडी थोडी खचत होती. तो मात्र त्या लहान होत चाललेल्या भोकाजवळून हलायला तयार नव्हता. मला त्याच्या मूर्खपणाचासुद्धा राग येत होता.

मामाजी संध्याकाळी नेहमीसारखे काचेशी येऊन बसायचे. मी शेजारी बसत नव्हते. मी स्वयंपाकघरातून बघायची. ते कान लावायचे, बराच वेळ तसेच राहायचे, मग उगीच घसा खाकरून उठायचे. एकदा त्यांनी विचारलं, "निंगाला काय भायेर?"

"नाही," मी म्हणाले.

शेवटी एका सकाळी मी बिळावरचा दगड उचलला. खाली तो होता. या वेळी कात नव्हती. कात हलकी असते, पाण्यात कागदासारखी उडते. हा जड होता, मऊ पडला होता, नवी नांगी अजून नीट कडकही झाली नव्हती. मी त्याला चमच्याने काढलं. मामाजी मागे उभे होते हे मला माहीत होतं.

"गेला काय?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कशानं?"

त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी विचारलं, म्हणजे त्यांना माझ्या तोंडून दुसरं काहीतरी ऐकायचं होतं. म्हातारा झाला होता, पाणी तापलं होतं, काहीही चाललं असतं. मला ते कळलं आणि मी ते दिलं नाही. मी म्हणाले, "तांब्यानं." ते काठी टेकत खुर्चीकडे गेले.

त्यानंतर मला एक दिवस जाणवलं की मामाजींच्या उशाशी लोटी नाही. ती पेटीतून काढून, घासूनपुसून मीच परत तिथे ठेवली होती. रोज रात्री भरून ठेवायची आणि उठल्याबरोबर आधी तिच्यातलं पाणी प्यायचं, हा त्यांचा जन्माचा नेम. तिच्या जागी स्टीलचा पेला होता, आणि त्यात फिल्टरचं पाणी. मी नवऱ्याला विचारलं. ते म्हणाले, "बाबांनी काल दुकानात आणून मोडीत टाकायले लावली."

मोड म्हणजे जुनी भांडी. लोक नवं भांडं घेताना जुनं मोडीत देतात, ते मागे ढिगात जातं आणि वितळायला पाठवलं जातं. मी तशीच खाली उतरले. पोचे आलेल्या घागरी, फुटकी घंगाळी, कान तुटलेले पेले, सगळं उपसून काढलं. नवरा म्हणत राहिले की गिऱ्हाईक आहे. असू दे म्हटलं. लोटी तळाशी नव्हती, वरच होती. मला मात्र सगळा ढीग उपसल्यावर दिसली, आणि त्याचाही राग आला. हातावर हिरवट काळं चढलेलं घेऊन मी वर आले आणि लोटी मामाजींच्या पुढ्यात आपटली.

"ही मोडीत काहून टाकली?"

"तूच म्हणली ना, विष आहे."

"झिंग्याले विष आहे, मामाजी. तुम्हाले नाही. तुम्ही जन्मभर प्यायले, काय झालं तुम्हाले?"

"मले नाही झालं." ते म्हणाले, "तुह्या सासूले पाजलं मी यानं. शेवटी दवाखान्यातलं पाणी नाही म्हणत होती ती. तोंडाले वास येते म्हणे. मंग मी घरून लोटी भरून नेत होतो, सकाळ-संध्याकाळ. म्हटलं, तांब्याचं पाणी भेटलं तं उठंल."

सासूबाईंना कॅन्सर होता. आम्ही सगळे तिथे होतो, डॉक्टरांनी आधीच हात टेकले होते. मी ते सगळं भराभरा सांगितलं, चिडूनच सांगितलं, कारण मला दुसरं काही सुचेना. तांब्याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, माणसाचं शरीर वेगळं, झिंग्याचं वेगळं, हे मी त्यांना तीनतीनदा बजावलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "झिंग्याचं मी तुह्यावर इस्वास ठेवला नाही. खरं निंगालं ते. आता कायचं खरं मानू अन् कायचं नाही?"

मला वाटलं होतं, या माणसाने एकदा तरी माझं म्हणणं मान्य करावं. केलं, तर असं केलं. आता मी कितीही घसा फोडला तरी उपयोग नाही. वैद्यांना बोलावलं, नवऱ्याने समजावलं, आत्याबाईंनी तर तांब्याचे गुण गायले. मामाजी सगळ्यांना हो म्हणतात आणि स्टीलच्या पेल्यातलं पाणी पितात.

म्हणून हल्ली रोज सकाळी मी ती लोटी भरून त्यांच्यासमोर बसते आणि त्यांना ऐकू जाईल असं घटाघटा पिते. "पाहा, प्यायली मी. मरते काय?" असं दरडावून विचारते. मी लोटी खाली ठेवल्यावर ते हातातला पेला तसाच धरून, मान माझ्याकडे कलती करून बसून राहतात, आणि मला साधा ठसका लागला तरी पेला बाजूला ठेवून विचारतात, "काय झालं वो, सूनबाई?"